नवी सेडान देऊन जुनी स्पोर्ट्स कार घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. ज्यांच्या दारात दोन-तीन वर्षांची पांढरी सेडान उभी आहे, जिचे हप्ते वेळेवर जातात, जिचा एसी मे महिन्यातही थंडगार चालतो आणि जिच्याबद्दल सांगण्यासारखी एकही तक्रार नाही, अशाच गृहस्थांनी ती वाचावी. तक्रार असलेला माणूस दुसरी सेडान घेतो. तक्रार नसलेला माणूस रात्री जेवणं झाली की गॅलरीत येऊन मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळतो.

तिथे त्याला ती दिसते. बीएमडब्ल्यू झेड-४, २०१० चं मॉडेल, रंग लाल, दोनच सीटा, दुमडून डिकीत जाणारं पत्र्याचं छप्पर. ‘डॉक्टरांनी वापरलेली. कायम कव्हरखाली. सेडानशी अदलाबदल चालेल.’ आपल्या सेडानच्या किमतीत थोडी भर घातली की काम होतंय. आता पुढे काय करायचं ते क्रमाने पाहू.

पायरी पहिली : आकडे वाचणे

जाहिरातीत लिहिलेलं असतं की इंजिन तीन लिटरचं, सहा सिलिंडरांचं, अश्वशक्ती ३०६, शून्यावरून शंभरावर जायला पाच सेकंदांच्या आसपास, कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. हे सगळं खरं असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला कॅमेरे लावलेत, हेही तितकंच खरं. म्हणजे वरचे दीडशे नुसते बाळगायचे. उरलेल्या शंभरातले किती वाट्याला येतात हे संध्याकाळी साडेसहाला कर्वे रस्त्यावर काट्याकडे बघितलं की समजतं.

जाहिरातीत नसलेला आकडा महत्त्वाचा, आणि तो उंचीचा. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर तुमच्या सेडानमध्ये, म्हणजे समजा होंडा सिटीत, १६५ मिलिमीटर असतं. स्पोर्ट्स कार त्याहून बरीच खाली बसलेली असते, कारण तशीच बसावी म्हणून ती बनवलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था रस्त्यांची मानकं ठरवते; या काँग्रेसचा निवडणुकांशी संबंध नाही. तिच्या मते साधा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि वाटोळ्या पाठीचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. तुमच्या सोसायटीच्या गेटातला गतिरोधक मात्र या काँग्रेसला विचारून बांधलेला नाही. तो चेअरमनसाहेबांना विचारून, उरलेल्या सिमेंटात बांधलेला आहे.

तेव्हा गाडी बघायला जाण्याआधी गतिरोधक बघून यावा. त्याच्या माथ्यावर आडवी दोरी ताणून खालची उंची टेपने मोजावी. मग विक्रेत्याकडे जाऊन गाडीत दोन माणसं बसवावीत आणि पुढच्या बंपरची खालची कड जमिनीपासून किती वर आहे ते बघावं. बंपरचा आकडा गतिरोधकाच्या आकड्यापेक्षा कमी निघाला, तर गाडी बदलण्यापेक्षा चेअरमन बदलणं स्वस्त पडेल.

पायरी दुसरी : कागदपत्रे

गाडी २०१० ची असून एवढी स्वस्त का, याचं उत्तर इंजिनात शोधू नये, आरसी बुकात शोधावं. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. साध्या देशी मोटारीला या नूतनीकरणाचे ५,००० रुपये पडतात, आयात केलेल्या मोटारीला ४०,०००. गाडीने विशी ओलांडली की हाच आकडा ८०,००० होतो. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. डॉक्टरसाहेबांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तर ते गाडी विकतायत.

दिल्लीहून आलेली गाडी आणखी स्वस्त मिळते. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आल्यापासून अशा गाड्या एनओसी घेऊन दक्षिणेकडे निघाल्या आहेत. इथे तिच्यासाठी रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल, तो हिशेबात धरावा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मागावी. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी नंबरप्लेट बसलीय का तेही बघावं. नसेल तर विक्रेता सांगतो, ‘एजंट करून देईल.’ एजंट करून देतोच, फक्त त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

या सगळ्यात फायद्याची एकच गोष्ट आहे, आणि नेमकी तीच लोक विसरतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सेडान विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घेतलं, तर साठलेली सवलत, जास्तीत जास्त ५० टक्के, नव्या म्हणजे जुन्या गाडीला लावता येते. गाडीची विमा किंमत मात्र घासाघीस करून ठरवावी लागेल. पाच वर्षांवरच्या गाडीला ठरलेला तक्ता लागू होत नाही.

पायरी तिसरी : तपासणी

विक्रेत्याकडे न कळवता दहा मिनिटं आधी पोचावं आणि बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागलं तर इंजिन तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलं होतं असं समजावं. थंड इंजिन चालू होताना जो आवाज करतं तो त्याचा खरा आवाज.

मग टायर बघावेत. टायरच्या कडेवर चार आकड्यांची एक खूण असते. ‘२३१६’ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे वाक्य ऐकून आनंद होतो, पण न चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असताना आतून वाळतात. छप्पर निदान तीनदा उघडून-मिटून बघावं. एका खेपेला वीसेक सेकंद लागतात. पहिल्यांदा ते कौतुकाने उघडतं, तिसऱ्यांदा त्याची हायड्रॉलिक्स खरं बोलू लागतात. पायाखालचे मॅट उचलून गालिच्याला हात लावावा. तो ओला असेल तर पावसाळा अजून गाडीतच आहे.

ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा आणि त्याच्याकडे स्कॅनर हवा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एकही दोष दिसला नाही तर लगेच पेढे वाटू नयेत. कालच कोणी सगळे दोष पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. मेकॅनिक ‘गाडी भारी आहे, साहेब’ म्हणाला तर पुढचं वाक्य येईपर्यंत थांबावं. पुढचं वाक्य ‘पण’ने सुरू होतं.

पायरी चौथी : गृहमंत्रालयाची मंजुरी

हा प्रस्ताव मांडण्याची वेळ रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर. संवाद साधारण असा होतो :

‘अहो, मुलं कुठे बसणार?’

‘मुलं आता मोठी होतायत.’

‘म्हणून लहान गाडी?’

यावर शास्त्रात उत्तर नाही. विषय डिकीकडे वळवावा, पण सावधपणे. छप्पर लावलेलं असताना डिकी ३१० लिटरची असते आणि छप्पर उघडून आत घेतलं की १८० लिटर उरते. सिटीची डिकी ५०६ लिटरची होती, हे घरात सगळ्यांच्या लक्षात असतं. डिकीत मध्ये एक पडदा असतो. भाजीची पिशवी त्याच्या पलीकडे गेली की छप्पर उघडायला साफ नकार देतं. थोडक्यात, उघड्या गाडीतून फिरायचं की किराणा आणायचा, हे निघतानाच ठरवावं लागतं.

खरी परीक्षा आईची. मंगल कार्यालयापाशी गाडी फुटपाथला चिकटवून कधीही उभी करू नये. स्पोर्ट्स कारचं दार लांब आणि खालचं असतं, ते फुटपाथवर घासतं आणि अर्धंच उघडतं. गाडी जरा दूर घ्यावी, धावत पलीकडे जावं. आईने आधी दोन्ही पाय एकदम बाहेर काढायचे, मग पदर सावरायचा, मग पर्स तुमच्याकडे द्यायची, एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा तुमच्या हातात, आणि तीन म्हटल्यावर उठायचं. दारात उभे असलेले वरपक्षाचे लोक हे सगळं शांतपणे बघत असतात. उभं राहून, दम घेऊन आई विचारते, ‘बाळा, एवढ्या पैशात जरा उंच गाडी नव्हती का मिळत?’

पायरी पाचवी : रोजचा वापर

गतिरोधकावर गाडी सरळ घालू नये, तिरकी घालावी. एकेक चाक चढवावं आणि एकेक उतरवावं. मागचे हॉर्न वाजवतील. त्यांना वाटतं स्पोर्ट्स कारवाला ऐट करतोय. तो बिचारा बंपर वाचवत असतो.

सिग्नलला दुचाकीवाला शेजारी थांबतो, गाडी पुढून मागून न्याहाळतो आणि विचारतो, ‘किती देते?’ शहरात ती लिटरला किती किलोमीटर देते हा आकडा उच्चारण्याजोगा नसतो. तेव्हा ‘देत नाही, घेते’ एवढंच सांगून हिरवा दिवा लागायची वाट बघावी.

पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याची तयारी करून ठेवावी. तो जॅक घेऊन येतो, डिकी उघडतो, खालचा मॅट उचलतो, पुन्हा ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, स्टेपनी कुठाय?’ स्टेपनी नसते. या गाडीला रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत काही अंतर चालतात, म्हणून कंपनीने पाचवं चाकच दिलेलं नाही. हे समजावून सांगितल्यावर तो तुमच्याकडे ज्या करुणेने बघतो, तशी करुणा आरटीओतही मिळत नाही.

पावसाळ्यात एक नियम विनोद न करता पाळावा. पाणी साचलेल्या रस्त्यावर ही गाडी घालूच नये. घातली आणि बंद पडली, तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि विम्यात इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर तो खर्च बहुधा तुमचाच. दसऱ्याला चाकाखाली लिंबू जरूर ठेवावं. नारळ मात्र बाजूला फोडावा.

मग घ्यायची कशाला?

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण आधी विचारला असता तर कोणी पुढे वाचलं नसतं.

रविवारी पहाटे वाईहून पाचगणीकडे निघावं आणि पसरणी घाटाला लागावं. लांबलचक बॉनेट पुढे, तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले, ताकदही मागच्याच चाकांना. वळण आधी पुढच्या चाकांना कळतं आणि मग पाठीला. काट्याकडे बघितलं तर वेग ताशी ४०. सेडानमध्ये एवढ्या वेगात मागची मंडळी झोपलेली असतात. इथे तोच वेग ८० सारखा वाटतो, कारण रस्ता बुडापासून वीतभर अंतरावर आहे. गतिरोधकावर जी उंची नडते, आईला जी उंची नडते, तिच्याचमुळे घाटात कायदा न मोडता वेगाचं सुख मिळतं. या व्यवहारात तुम्ही वेग विकत घेतच नाही, बुटकेपणा विकत घेता, आणि त्याचे पैसे सोमवार ते शनिवार हप्त्याने फेडता. हे पटत असेल तर गाडी जरूर घ्यावी. किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवावा आणि तो खर्च झाला तर घरात चेहरा शांत ठेवावा. फक्त २५० चा आकडा बघून घेणार असाल तर आहे ती सेडान धुऊन-पुसून ठेवा.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना : जाहिरातीतली अदलाबदल करू नका, आणि सेडान अनोळखी माणसालाही विकू नका. शहरातच राहणाऱ्या मेहुण्याला विका. भाव जरा कमी घ्या, सर्व्हिस नुकतीच करून द्या, दोन्ही चाव्या प्रेमाने द्या. दिवाळीला चौघांना घेऊन गावी जायचं असेल, जुलैत सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल किंवा आईला लग्नाला न्यायचं असेल, तेव्हा एका फोनवर मागता येईल अशी उंच गाडी नात्यात असलीच पाहिजे.