तांदळाच्या दाण्याएवढा बाप

मुलीला पहिला दात आला आणि मला दुसऱ्यांदा अक्कलदाढ. तोवर चारचौघांत गप्प बसणारा मी, पेणमध्ये दंतविषयक वक्ता म्हणून वावरू लागलो. दात येण्याआधीच ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात, दात दिसला की दोन वेळा ब्रश, पहिल्या वाढदिवसाच्या आत दातांच्या डॉक्टरची भेट... न्हाव्यापासून पापडवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांना मी हे ऐकवलं. गणपतीच्या कारखान्यात तर एकदंतासमोर उभं राहून मूर्तिकाराला सुळ्यांची निगा सांगायला मी घसा खाकरला होता. बायकोने दंडाला धरून बाहेर काढलं.

पण माझी खरी परीक्षा झाली रोह्याला, सासुरवाडीत. ओटीवर बसून मी जाहीर केलं, "तीन वर्षांखालच्या मुलांना फ्लोराइडची पेस्ट फक्त तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांना थुंकता येत नाही, गिळतात."

उभा जन्म भातशेतीत काढलेल्या सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "कुठला तांदूळ?"

"म्हणजे?"

"जया जाडी, रत्ना बारीक. कर्जतचा ३ नंबर आखूड. कुठला धरायचा?"

मी म्हटलं, साधारण कुठलाही. 'साधारण' हा शब्द शेतकऱ्यापुढे काढू नये. सूप आलं, त्यात चार जातींचे दाणे मांडले गेले. शेजारचे काका आले, म्हणाले, कच्चा की शिजलेला ते आधी ठरवा, शिजल्यावर दुपटीने फुगतो. सासूबाईंनी उकड्या तांदळाचा मुद्दा काढला. कणी चालेल का, हेही कोणीतरी विचारलं. हा दाणा अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ साली सुचवला. त्याआधी दोन वर्षांखालच्यांना नुसत्या पाण्यावर भागवायला सांगत. त्या कमिटीत रोह्याचा एकही माणूस नसावा, नाहीतर वाण नमूद केला असता. तासाभराने रत्नावर एकमत झालं. तोवर जिचे दात घासायचे ती ब्रशची दांडी चावत झोपून गेली होती.

"दुधाचे दात, पडायचेच की!" काका जाता जाता म्हणाले. आता दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात, खालून येणाऱ्यांची जागा धरून ठेवतात, हे मला पाठ होतं. पण काका चपला घालून निघालेसुद्धा.

मग दवाखाना. "वा, बाबा पण आलेत!" असं माझं स्वागत झालं, मी खुलून बसलो, आणि पुढचे सगळे प्रश्न बायकोला. रात्री पाजता पाजता झोपते का? बाटली तोंडात राहते का? तुम्ही तिचा चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालता का? प्रश्न रास्तच होते. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं आणि कीड तिथूनच सुरू होते. किडीचे जंतूही मोठ्यांच्या उष्ट्यातून जातात. मोठ्यांच्या! बापाच्या तोंडातही जंतू असतात, पण त्यांची चौकशी कोणी करत नाही. बायको आरोपीसारखी उत्तरं देत होती. दिवसभर नोकरी आणि रात्री तीनदा उठणं, त्यावर ही उलटतपासणी. मला आतून संताप आला. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तू आलास ना, तेच पुष्कळ." त्याचा तर जास्तच आला.

"आजपासून रात्रीचं माझ्याकडे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीदेखील.

दोन वाजता दूध झालं. मी बोटाला ओलं फडकं गुंडाळून मुलीच्या तोंडात घातलं. वरचे दोन, खालचे दोन, चारही दात शाबूत असल्याचं माझ्या बोटाला लगेच समजलं.

सकाळपर्यंत रोह्यात बातमी पोचली: जावई रात्री उठतात हो मुलीचे दात पुसायला! सासूबाईंनी आळीत सांगितलं, काकांनी फोन करून पाठ थोपटली. सासूबाईंची लेक वर्षभर उठत होती त्याची बातमी कधी झाली नव्हती, हे मी फोनवर सांगणार होतो. पण काका इतकं मनापासून कौतुक करत होते की मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं.