दोनाचा एक

हा गृहस्थ बहुधा निवृत्त इंजिनिअर असतो आणि रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसलेला सापडतो. हातात आग्फाचा आयसोलेट, म्हणजे बटण दाबलं की झाकण पडून भात्यासकट लेन्स पुढे येणारा घडीचा कॅमेरा. भावाआधी तो भात्यात विजेरी घालून भोकं बघतो. "भाता गेलाय, बॉडी गंजलीय, पण सोलिनार आहे हो!" असं शेजारच्या माणसाला उल्हासाने सांगतो. तो बिचारा नळाची तोटी घ्यायला आलेला असतो.

घरी दुसरा आयसोलेट आहेच. त्याचा भाता ठणठणीत, पण लेन्स तीन काचांची साधी आग्नार आणि शटर तीनच वेगांचं व्हारिओ. त्याच्यावर आता चार काचांची सोलिनार आणि १/५०० सेकंदाचं सिंक्रो-कॉम्पूर चढवायचं. दोनाचा एक करायचा, एवढंच.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं जातं. शटर मागून खाचा असलेल्या कडीने आवळलेलं असतं. तिच्यासाठी खास पाना लागतो. तो नसल्यामुळे नातवाच्या कंपासपेटीतला डिव्हायडर कामी येतो. आग्फाचं जुनं ग्रीस वाळून हिरवा डिंक झालेला असतो, म्हणून सुनेचा हेअर ड्रायर येतो. "जर्मनांनी सगळं केलं, पण ग्रीसमध्ये माती खाल्ली," हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे.

संध्याकाळी सोलिनार बसते. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून तो समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी न्याहाळतो. टाकीऐवजी ढग दिसतो. मग ट्यूब पेटते: आग्नार ८५ मिलिमीटरची, सोलिनार ७५ची! नवी सून जुन्या चौकटीत फिल्मपासून हवी त्यापेक्षा १० मिलिमीटर लांब बसली आहे. पेन्सिलीने गणित मांडून तो जाहीर करतो, "लेन्स झकास आहे. फक्त साधारण ६४ सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं."

"अहो, मग टाकीला जरा जवळ बोलवा," स्वयंपाकघरातून उत्तर येतं.

७५च्या मापाची बॉडी शोधायला पुढच्या रविवारी पुन्हा बाजार. ती मिळते, पण तिच्या लेन्सला बुरशी. म्हणजे दोनाचा एक करताना तीन लागले, आणि वर एक शटर बेवारस उरलं. चांगलं शटर टाकवत नाही. त्याला साजेशी बॉडी बघायला हवी.

तरी कॅमेरा शेवटी चालू होतो. १२० फिल्मचा रोल धुऊन येतो. बारा चौकोनी फोटो, बाराही लखलखीत, पत्र्यावरचा गंजसुद्धा मोजून घ्यावा. बाराही त्याच टाकीचे.

"माझा एकसुद्धा नाही?" बायको विचारते.

"अगं, इन्फिनिटी तपासायची होती. तू फारच जवळची पडतेस."