काम चालू आहे

भाच्याला भेटल्यावर ‘झालं का रे?’ असं विचारायचं नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. मूलबाळ कधी, नोकरी पर्मनंट कधी, हे खुशाल विचारा. तो हसून वेळ मारून नेतो. थीसिसचं नाव काढलंत तर मात्र चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

भाचा मानसशास्त्रात पीएच.डी. करतो. पोटापाण्यासाठी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, पण ताई ओळख करून देताना ‘पीएच.डी. करतो’ हेच आधी सांगते, कारण तासिका मार्चमध्ये संपतात आणि पीएच.डी. बारमाही चालते. बाकीच्या विषयांतल्या शोधछात्रांचं बरं असतं. रसायनशास्त्रवाला रखडला तर मशीन बिघडलंय म्हणतो आणि मान खाली घालतो. मानसशास्त्रवाल्याला आपण नेमके का रखडलो याचं कारण संशोधकाच्या नावासकट आणि सालासकट पाठ असतं. आणि कारण एवढं पक्कं कळल्यावर काम करायची घाई कशाला?

“मामा, १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडात मानसशास्त्राच्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? पोरं म्हणाली, सरासरी ३४ दिवस. बरं, सगळंच बिनसलं तर? तर ४९. आणि प्रत्यक्षात लागले किती? ५५च्या वर! म्हणजे सगळं बिनसणार असं धरून चाललं तरी माणूस कमीच सांगतो.”

“अरे, पण त्यांचं दोन महिन्यांच्या आत झालं की.”

“ते पदवीचे प्रबंध होते, मामा,” असं म्हणून त्यानं पोळी वाढून घेतली.

त्याच्याकडे एक ब्लूमा झायगार्निकही आहे. अपुरं राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं या बाईंनी १९२७ मध्ये दाखवलं. त्यामुळे प्रबंध आपल्या डोक्यात रात्रंदिवस चालूच असतो, असं भाचा म्हणतो. ताई म्हणाली, “डोक्यात आहे तोवर विद्यापीठाला कसा दिसणार रे?” ताईला शास्त्र कळत नाही, असं तेव्हा ठरलं.

विषय काय, तर ‘नोकरदार स्त्रिया व गृहिणी यांमधील ताण आणि जीवनसमाधान : संयुक्त व विभक्त कुटुंबांच्या संदर्भात तुलनात्मक अभ्यास’. चार गट, प्रत्येकी ७५ बायका, एकूण ३००. विषय मंजूर झाला त्या दिवसापासून भाच्याच्या लेखी बायकांना नाव-गाव राहिलं नाही, त्या सॅम्पल झाल्या. लग्नाला, मुंजीला, एकदा तर तेराव्यालाही तो खांद्याला झोळी लावून आला. झोळीत प्रश्नावल्या आणि डझनभर बॉलपेनं. पंगत उठली की हा हात धुण्याच्या जागी उभा. “काकू, फक्त दहा मिनिटं. तुम्ही संयुक्त की विभक्त?”

विभक्त गृहिणी पटापट मिळाल्या. संयुक्त कुटुंबातली नोकरदार बाई मात्र पुण्यात मिळता मिळेना. जी मिळे तिला वेळ नसे. तिला वेळ नाही हाच खरा निष्कर्ष होता, पण त्याला पानं किती होणार? एक बँकेतली मिळाली, तर तिचं पुढच्या महिन्यात सासूपासून वेगळं राहायचं ठरलेलं. भाचा कळवळून म्हणाला, “ताई, जरूर वेगळ्या व्हा. फक्त फॉर्म भरून व्हा.” विशेष म्हणजे भाचेसून स्वतः संयुक्त कुटुंबातली नोकरदार. पण संशोधकाची बायको चालत नाही, पूर्वग्रह शिरतो म्हणे. “माझ्या ताणाला वालीच नाही,” असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. भाचा झोळी घेऊन बाहेर पडत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

फॉर्म भरतानाची तऱ्हा मी स्वतः पाहिली आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फॉर्म आमच्याच दिवाणखान्यात भरून घेतला. जीवनसमाधान मोजायला डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची मापनश्रेणी : पाचच विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५. काकूंच्या शेजारी काका बसलेले. काकूंनी पहिलं विधान वाचलं, काकांकडे पाहिलं आणि सातवर खूण केली. मग वर न बघता पाचही ठिकाणी सात.

“काकू, बरोबर-चूक काही नसतं यात. मनापासून लिहा.”

“मनापासूनच लिहिलंय. पैकीच्या पैकी ना?”

ताणाच्या प्रश्नावलीत काही प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले असतात, डोळे मिटून एकाच रांगेत खुणा करणारा सापडावा म्हणून. काकू तिथं बरोब्बर सापडल्या. त्यांच्या उत्तरांवरून त्यांना भयंकर ताणही होता आणि अजिबात नव्हताही. भाचा म्हणाला, हा फॉर्म बाद करावा लागेल. मी काकूंना चाळीसेक वर्षं ओळखतो. माझ्या मते त्या गठ्ठ्यातला तेवढाच एक फॉर्म खरा होता.

त्यानंतर काकू जिन्यात भेटल्या की एकच विचारायच्या, “माझे मार्क किती आले रे?” गोपनीयतेच्या नियमानं भाचा सांगू शकत नव्हता. आपण नापास झालोय आणि पोरगा भिडेखातर बोलत नाही, असा काकूंनी अर्थ काढला. एका दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही.

गाईड म्हणजे सर. सर भला माणूस, पण विभागप्रमुख, दोन समित्यांचे अध्यक्ष आणि तिसरीचे निमंत्रित. प्रकरण दिलं की “ठेवून जा” म्हणायचे. आणि ते ठेवलेलंच राहायचं. एकदा दुसरं प्रकरण सहा महिन्यांनी परत आलं, तर अख्ख्या प्रकरणात पेन्सिलीनं केलेली एकच खूण : पान ४१ वर समासात प्रश्नचिन्ह. भाच्यानं त्या प्रश्नचिन्हावर महिना घालवला. रोर्शाकच्या शाईच्या डागांकडेही कुणी इतकं टक लावून पाहिलं नसेल. संदर्भ चुकला? विधान धाडसी झालं? की सरांचा एकूणच विश्वास उडाला? त्यानं सगळा परिच्छेद नव्यानं लिहिला, तीन संदर्भ वाढवले आणि शेवटी धीर करून विचारलं. सरांनी चष्मा लावून पाहिलं. “हे होय? इथं फोन आला होता मला. कुठवर वाचलं त्याची खूण.”

म्हणजे पुढचं वाचलंच नव्हतं. भाच्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तिथं त्याचं मन रमायचं. आधी ऋणनिर्देश उघडायचा. कुणी गाईडचे आभार किती ओळींत मानलेत, त्यावरून त्या दोघांचं कसं जमत होतं हे तो अचूक सांगे. त्याचा स्वतःचा ऋणनिर्देश पहिल्याच वर्षी तयार होता. पुढे त्यातल्या दोन आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लावावं लागलं.

मग संख्याशास्त्र. एसपीएसएसमध्ये आकडे घालून बटण दाबायचं, एवढंच काम. पण ते दाबायला त्यानं अमावास्या टाळली. निकाल आला तो ०.०६. या शास्त्रात ०.०५च्या आत आलात तर फरक सार्थ, नाहीतर नाही. दहावीला एका मार्कानं राहिलेल्या पोराच्या घरी असते तशी शांतता दोन दिवस घरात होती. ताईनं खिचडी टाकली. सर मात्र पहिल्यांदाच कामाचं बोलले : “फरक सापडला नाही, हाही निष्कर्षच असतो. लिही.”

लिहिलं मात्र त्यानं सरांच्या सांगण्यावरून नाही. नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुढे मुदतवाढीसाठी अर्जविनंत्या. सहावं वर्ष संपत आलं तेव्हा विद्यापीठातल्या एका क्लार्कबाईंचा फोन आला : “तीस तारखेला बंद होतं हं. नंतर माझ्याकडे यायचं नाही.” झायगार्निक, ब्यूलर, ग्रिफिन सगळे मिळून जे करू शकले नाहीत ते या बाईंनी दोन वाक्यांत केलं. पाच वर्षं अडलेली तीन प्रकरणं त्या पावसाळ्यात उतरली. भाचेसून रजा टाकून संदर्भसूची टाईप करत बसली. भाचा म्हणाला, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ सालीच सांगितलंय, ताण मध्यम असला की काम उत्तम होतं. भाचेसुनेनं मान वर न करता विचारलं, “कुणाचा ताण?”

बाइंडिंगवाल्यानं काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत ‘जीवनसमधान’ छापलं. समाधानातला एक काना गेला, तो कुणाच्याच लक्षात आला नाही. आला तेव्हा प्रती विद्यापीठात पोचल्या होत्या.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. आम्ही सगळे गेलो. बाहेरचे परीक्षक वयस्कर आणि मवाळ होते. त्यांनी चार प्रश्न विचारले, भाच्यानं त्यांतल्या साडेतीनांची उत्तरं दिली. मग रिवाजाप्रमाणे सभागृहाला विचारलं, कुणाला काही शंका? असं विचारल्यावर कुणी काही विचारत नाही, हाही रिवाजच. मागच्या रांगेतून काकू उठल्या.

“मी याच्या अभ्यासात होते. फॉर्म भरून दिला, चहाही मीच पाजला. मला अजून मार्क कळलेले नाहीत.”

सर छताकडे बघू लागले. परीक्षक मात्र हसले नाहीत. सरळ होऊन म्हणाले, बाईंचा मुद्दा योग्य आहे. सहभागी व्यक्तींना निष्कर्ष कसे कळवणार, याबद्दल प्रबंधात एक ओळ नाही. पदवीची शिफारस करतो, पण तेवढा एक परिच्छेद घालून द्या. किती दिवस लागतील?

“दोन दिवस, सर,” भाचा म्हणाला.