वजा एक

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून एवढा मोठा खोका घेऊन आला की आम्हाला वाटलं, मिक्सर आणला. निघाला 'ट्वायलाइट इम्पेरियम'. आकाशगंगेची गादी कुणाची, यावर सहा जणांनी टेबलाभोवती बसून भांडायचं. २०१७च्या चौथ्या आवृत्तीत तब्बल १७ जमाती, आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. "सोपं आहे, मामा," म्हणत त्याने मांडामांड सुरू केली. जेवणाचं टेबल पुरेना, चौरंग आणला. पहिली चाल होण्याआधी चकल्यांचा डबा संपला.

माझ्या वाट्याला जोल-नार आले. जलचर विद्वान! नवं तंत्रज्ञान शिकण्यात सगळ्यांच्या पुढे, पण लढाईत फाशावर पडेल त्यातून एक वजा. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्या घराण्यात पदव्या रग्गड, आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालायला मात्र बायकांना पुढे करतात. बायकोला मिळाले हाकान, सिंहतोंडे व्यापारी. शेजारी नसलेल्यांशीही सौदा करू शकतात. तिला हा नियम समजावून सांगावा लागला नाही.

सहा तासांनी मी हरलो. पण काय थाटात हरलो! "वजा एक नसता ना," असं मी पुढे चार दिवस, दूधवाल्यासकट सगळ्यांना सांगत होतो. आजोबाही बुद्धिबळात हरले की घोड्याला शिव्या घालायचे. सहाच प्रकारच्या सोंगट्या, पण दोष द्यायला एक वाकडं चालणारं जनावर होतं.

मग भाच्याने 'गो' शिकवला. चीनमधला हा प्राचीन खेळ. एकाचे काळे दगड, दुसऱ्याचे पांढरे, सगळे सारखे. ना राजा, ना उंट. दगडाच्या लगतच्या मोकळ्या जागा शत्रूने भरल्या की तो उचलायचा, आणि जास्त जागा वेढेल तो जिंकला. चहाला उकळी येईपर्यंत नियम सांगून झाले. आणि कॉम्प्युटरने बुद्धिबळातल्या कास्पारोव्हला १९९७मध्ये हरवलं, पण गोमधल्या ली सेडॉलला हरवायला २०१६ उजाडलं!

खऱ्या पटावर १९ आडव्या, १९ उभ्या रेघा. म्हणजे ३६१ जागा. आम्ही वहीच्या कागदावर नऊ-नऊ आखल्या. माझे राजमे, बायकोचे पावटे. वीस मिनिटांत माझा सबंध कोपरा तिच्या ताटलीत.

आता बोलणार काय? माझा राजमा आणि तिचा पावटा यांच्या ताकदीत तसूभर फरक नव्हता. जमात कमजोर नव्हती, फासा नव्हता, घोडाही नव्हता. होतो तो फक्त मी. भाचा माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने बघत होता की त्यापेक्षा हसला असता तर बरं.

"माझा एक राजमा किडका होता," मी म्हणून पाहिलं.

बायकोने सगळे राजमे गोळा केले, त्यातला किडका शोधून माझ्या हातावर ठेवला आणि बाकीचे भिजत घातले.