हिरवेकाका

सांत-एतिएन या फ्रेंच शहरात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्यांना मनातल्या मनात हिरवेकाका म्हणत असे. आडनाव नव्हे, रंग. मफलर हिरवा, उशीचा अभ्रा हिरवा, चहाचा मग हिरवा. दारातलं पायपुसणं तेवढं निळं-लाल. शेजारच्या लियाँच्या संघाचे रंग पाय पुसण्यासाठीच निर्माण झालेत, असं त्यांचं मत होतं.

मे २०२२ मध्ये ओसेरविरुद्ध पेनल्टीवर हरून त्यांचा हिरवा फुटबॉल संघ, सांत-एतिएन, दुसऱ्या विभागात उतरला. त्या रात्री पाठीराखे जळते फ्लेअर घेऊन मैदानात घुसले, त्याचा दंड म्हणून तीन गुणही कापले गेले. नवा हंगाम सुरू झाला तो उणे तीनवरून. माणूस कर्जात मरतो हे ऐकलं होतं. हा संघ कर्जातच जन्मला. मी सांत्वनाला गेलो, तर काका खुशीत.

"उणे तीन! पॅरिसवाल्यांना जमलंय का कधी?"

पॅरिसवाले हे त्यांचं दुसरं दुखणं. पहिल्या विभागाची दहा अजिंक्यपदं हा सांत-एतिएनचा विक्रम होता. त्यातलं शेवटचं १९८१ चं, पण काका ते परवाच मिळाल्यासारखं सांगत. संघ खाली आला त्याच वर्षी पॅरिसनेही दहावं मिळवलं, आणि पुढच्या मेमध्ये अकरावं. "विकत घेतलेली मोजायची नसतात," काकांनी निकाल दिला.

मात्र सगळ्या दुःखांचं उगमस्थान एकच : १२ मे १९७६. ग्लासगोला युरोपियन कपचा अंतिम सामना, बायर्न म्युनिकविरुद्ध. सांत-एतिएनचे दोन फटके गोलच्या आडव्या दांडीवर आदळून परतले, आणि सामना एका गोलने गेला. ग्लासगोच्या दांड्या चौकोनी होत्या. गोल असत्या तर चेंडू आत घरंगळला असता! आपल्याकडे पानिपतावर बोलणारा माणूस जसा दुपारपर्यंत थांबत नाही, तसे काका. थंड झालेलं सूप, बंद पडलेली ट्राम, वाढलेलं वीजबिल, सगळं शेवटी चौकोनी दांडीपाशी येऊन थांबे. क्लबने त्या दांड्या विकत घेऊन स्वतःच्या संग्रहालयात मांडल्या आहेत. मला तिथे नेलं तेव्हा काकांनी टोपी काढली. हरलेल्या संघाची दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या शाँझेलिझेवर मिरवणूक निघाली होती, हेही तिथेच सांगितलं. पराभवाचीही मिरवणूक निघालेल्या संघाचा हा पाठीराखा, त्याला उणे तीनची काय भीती?

ऑगस्टमध्ये ल आव्रने आमच्याच मैदानावर सहा गोल चढवले, आमचा शून्य. "आता मेलो तरी हा संघ बघणार नाही," असं म्हणून काकांनी मफलर कपाटात कोंबला. पुढच्या सामन्याच्या सकाळी तो इस्त्री करून खुर्चीवर. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. सामने तरी कोणाशी? रोदेझ, पो, गँगाँ. गँगाँ हे सात-आठ हजार वस्तीचं गाव. आमच्या एका स्टँडमध्ये अख्खं मावून वर त्यांची कुत्रीही बसली असती. अशांशी हरण्यात एक वेगळीच लज्जत आहे, हे मला काकांकडून कळलं. हिवाळ्यात संघ पार तळाला गेला, तेव्हा त्यांची भूक वाढली, झोप सुधारली, आणि मला एकदा भाड्यात आठवड्याची सवलतही मिळाली.

घात झाला तो जानेवारीनंतर. नवे खेळाडू आले, आघाडीचा क्रासो गोल मारतच सुटला, संघ जिंकू लागला. काका गप्प. विजयावर ते एकच वाक्य बोलत, "बरं होतं." पराभवावर दोन तास. हंगाम संपेपर्यंत संघ वर सरकून आठवा आला. आठवा! ना वर जायचं, ना खाली पडायचं, ना रडायचं. अख्ख्या हंगामात मी त्यांना इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी पुण्याला परतलो.

जून २०२४ मध्ये मेसला हरवून संघ पहिल्या विभागात परतला. मी अभिनंदनाचा फोन केला. पलीकडे दीर्घ उसासा. "वर्षभरात परत खाली येतात की नाही बघ."

मे २०२५ मध्ये संघ खाली आला. या वेळी फोन त्यांचाच आला, आवाज खणखणीत. हंगामाचा पास काढून झाला होता.