कितीचा काढू? : उत्पन्नाच्या दाखल्याचे प्राथमिक धडे

नवोदितांचा पहिला गैरसमज असा की, वर्षभरात घरात जेवढा पैसा आला तेवढे आपले उत्पन्न. घरात येतो तो नुसता पैसा, आणि तो वीस तारखेपर्यंत संपतोही. उत्पन्न तयार होते ते तहसील कार्यालयात. सेतू केंद्राच्या खिडकीतला मुलगा मान वर न करता विचारतो, "कितीचा काढू?" इथे नवशिका फसतो. "आता बघा, कधी काम असतं, कधी नसतं..." अशी हकीकत सुरू करतो आणि मागची रांग चुळबुळायला लागते. मुरलेला अर्जदार उलट विचारतो, "शिष्यवृत्तीला कितीचा लागतो?"

हे जमले की निम्मी विद्या आली. उरलेली निम्मी पुढीलप्रमाणे.

धडा पहिला : रंग ओळखा

१ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी रेशनकार्डे आहेत. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरे. हे आकडे बिनधास्त पाठ करावेत, मेहनत फुकट जाणार नाही. पाव शतकात त्यांना कोणी हात लावलेला नाही.

आता हिशेब करू. १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. लाडक्या बहिणीचा हप्ता महिन्याला १,५००, वर्षाचे १८,०००. म्हणजे घरात दुसरा एक छदाम आला नाही, तरी बाई सरकारच्याच पैशाने सरकारच्याच पिवळ्या रेषेच्या तीन हजार वर जाते. रोजगार हमीवर जाऊ म्हणाल, तर २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर रोजी ३१२ रुपये होता. त्या दराने एकोणपन्नासाव्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते. शहाण्याने अठ्ठेचाळीसाव्या संध्याकाळी कुदळ खाली ठेवावी.

प्रत्यक्षात असे कोणी मोजत बसत नाही, आणि बसत नाही म्हणूनच गाडा चालतो. पण नियम कागदावर तसाच असतो, आणि एखाद्या दिवशी एखाद्या साहेबाला तो वाचावासा वाटला तर कार्ड कोणाचेही रद्द होऊ शकते. पिवळ्या कार्डाच्या मूळ अटींत घरी टेलिफोन नसावा अशीही एक अट आहे. तेव्हा फोन तिवईवर क्रोशाचा रुमाल पांघरून बसायचा, त्या काळातली ती अट. आता त्याच कार्डाला मोबाइल नंबर जोडून घ्या म्हणून दुकानदार मागे लागतो.

दारिद्र्यरेषेचा अभ्यास हा तसा आपल्या घरचा विषय. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून १९७१ मध्ये माणशी २,२५० उष्मांकांवरून रेषा आखली. पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीने ती नव्याने मांडली. त्या पद्धतीच्या आधारे २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात माणशी रोजचे ३२ रुपये असे सांगितले, तेव्हा देशभर संताप उसळला. बत्तीस रुपयांत वडापाव आणि चहा तरी होतो का, म्हणून चॅनेलवाले रस्त्यावर उतरले. त्या वेळी पिवळ्या कार्डाची मर्यादा चौघांच्या घराला माणशी रोज १० रुपये २७ पैसे पडत होती. आजही तेवढीच पडते. तिच्यावर संतापायला कोणाला सवड झाली नाही.

केशरीवाल्यांनी हुरळून जाऊ नये. केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळेलच असे नाही. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत यायचे तर शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० ही वेगळी रेषा आहे, आणि तिच्या आत बसलात तरी 'इष्टांक संपला' असे ऐकायची तयारी ठेवा.

धडा दुसरा : सोडवलेले उदाहरण

पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीचा वॉचमन घेऊ. ठेकेदाराकडून हातात महिना १०,५००, वर्षाचे १,२६,०००. बायको धुणीभांडी करते. दोन मुले.

रेशनिंगच्या खिडकीत तो श्रीमंत. १ लाखाच्या वर गेला, कार्ड पांढरे. ज्या डॉक्टरांच्या गाडीसाठी तो रात्री अकराला फाटक उघडतो, त्यांचेही कार्ड पांढरेच.

शाळेच्या खिडकीतही श्रीमंत. आरटीईच्या २५ टक्के जागांत आर्थिक दुर्बलांसाठी मर्यादा १ लाख आहे. धाकटीचा प्रवेश २६ हजारांनी हुकला.

व्यवसायकराच्या खिडकीत तर तो थेट कंपनीच्या डायरेक्टरच्या पंगतीला. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार १०,००० च्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, एकूण २,५०० रुपये कापले जातात. पाच लाख पगार असला तरी तेवढेच, कारण घटनेनेच वर्षाला २,५०० ची कमाल घातली आहे. हा कर सुरू झाला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या योजनेला पैसा हवा होता, तेव्हा शहरातल्या नोकरदाराने गावात खडी फोडणाऱ्याचा भार थोडा उचलावा, असा विचार झाला. विचार थोर होता, आजही आहे. फक्त गाव सोडून फाटकावर उभा राहिलेला माणूस आता नोकरदारांत मोजला जातो, आणि वरच्या मजल्यावरच्याइतकाच भार उचलतो.

प्राप्तिकराच्या खिडकीत मात्र आपला वॉचमन इतका गरीब की त्याच्याकडे कोणी बघतही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. ही सवलत मध्यमवर्गाला दिलासा म्हणून दिली, आणि मिळाली ते खूशही झाले. नवोदिताने एवढेच टिपून घ्यावे की मुंबईतल्या खिडकीत १ लाखाला संपणारी गरिबी दिल्लीतल्या खिडकीत पावणेतेरा लाखांपर्यंत पुरते.

आता लाडकी बहीण. इथे कुटुंबाची मर्यादा अडीच लाख. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पांढरे असेल तर लागतो. म्हणजे आपल्या वॉचमनला एक दिवसाचा पगार बुडवून दाखला काढणे आले. खिडकीतला मुलगा विचारतो, "बाई काय करतात?" बरोबर उत्तर : गृहिणी. चुकीचे उत्तर देऊन बघू. घरटी दोन हजार धरले तर पाच घरांचे वर्षाला १,२०,०००, नवऱ्याचे धरून २,४६,०००. बसते. सहावे घर धरले की २,७०,०००. पाच घरांपर्यंत लाडकी, सहाव्या घराला परकी. बाईने सहाव्या घराला नाही म्हणावे, की हो म्हणून गप्प बसावे, याचे उत्तर कोणत्याच जीआरमध्ये नाही, पण वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते.

खोटे बोलायला शिकवतो आहे असे कोणाला वाटेल. या योजनेचे पैसे हजारो पुरुषांनीही घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. ती फसवणूकच, तिला दुसरे नाव नाही. पण बहुतेकांचे 'खोटे' म्हणजे वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या खात्यांनी आखलेल्या रेषांमधून एकच संसार वाकवून नेणे असते.

धडा तिसरा : आठ लाख

हा प्रगत अभ्यास आहे. ओबीसींच्या नॉन-क्रीमी लेयरची मर्यादा ८ लाख आणि ईडब्ल्यूएसचीही ८ लाख. आकडा तोच आहे म्हणून हिशेबही तोच असेल असे समजू नका. नॉन-क्रीमीच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला ही दोन्ही धरतात, वर पाच एकर शेती आणि हजार चौरस फुटांचा फ्लॅट याही मर्यादा आहेत. एकाच भिंतीला चिकटून राहणाऱ्या दोन घरांचे उत्पन्न सारखे असूनही एकाचे ८ लाखांत बसते आणि दुसऱ्याचे बाहेर जाते. या वादात शेजाऱ्यांनी पडू नये.

धडा चौथा : त्याहून वरच्यांसाठी

या विद्यार्थ्यांनी वर्गात येण्याची गरज नाही. वारसाहक्कावरचा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला आणि कोट्यधीशांच्या प्राप्तिकरावर अधिभार वाढला. कंपन्यांचा मूळ कर २०१९ च्या सप्टेंबरात, इतर सवलती सोडायच्या अटीवर, ३० वरून २२ टक्क्यांवर आला. संपत्ती कर काढताना वसुलीच्या मानाने खटाटोप फार, असे कारण दिले गेले. ते पटण्यासारखे आहे. हाच न्याय दीड हजारासाठी पुन्हा पुन्हा ई-केवायसी करणाऱ्या बहिणींना लावून बघायला हरकत नव्हती. श्रीमंत किती श्रीमंत आहेत हे सांगणारा दाखला मात्र कोणत्याच सेतू केंद्रात काढावा लागत नाही.

परीक्षेपूर्वी काही सूचना

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पत्ता विचारताना तलाठीच म्हणा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तुमची गरिबी संपो न संपो. दहावी-बारावीचे निकाल लागले की सर्व्हर मान टाकतो, त्यामुळे एप्रिलमध्येच जा. आणि एक वर्षाचा नको, तीन वर्षांचाच काढा. नॉन-क्रीमीला तोच लागतो, नाहीतर पुन्हा रांग.