मुंजाचा इकामा

रियाधमध्ये जुलै महिन्यात गार पाणी हवं असेल, तर गरम पाण्याचा नळ सोडावा लागतो. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी निळ्या खुणेच्या नळातून येतं, आणि बंद करून ठेवलेल्या गीझरमध्ये, एसीच्या गारव्यात निवलेलं पाणी लाल खुणेच्या नळातून. नव्यानं आलेल्या माणसाला हे शहाणपण पहिल्याच आंघोळीत येतं. त्यानं हौसेनं आणलेल्या झाडाची मात्र तोवर उकड झालेली असते.

तरीही सौदीतला मराठी माणूस बोन्साय करतो. जुबैलच्या कारखान्यात दिवसभर पाइपांतला दाब सांभाळणारा इंजिनिअर संध्याकाळी घरी येऊन वीतभर फायकसच्या, म्हणजे वडाच्याच जातकुळीतल्या झाडाच्या, फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळत बसतो. बायको आतून विचारते, “अहो, जेवायला येताय की त्यालाच भरवताय?” हौस म्हणावी तर वेळखाऊ, आणि व्यसन म्हणावं तर सौदीत कायद्यानं चालणाऱ्या मोजक्या व्यसनांपैकी एक.

मुळात अडचण अशी, की या विषयातलं मराठी ज्ञान सगळं पावसाळी आहे. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख या दाम्पत्यानं, पुण्यात प्राजक्ता काळे यांनी ही कला रुजवली, आणि त्या हवेत शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत एक ओळ हमखास असते: वड-पिंपळ-उंबराच्या मुळ्या छाटून कुंडी बदलायची ती पावसाळ्याच्या तोंडावर. हवेत ओल असते, ऊन ढगाआड असतं, छाटलेलं झाड पंधरा दिवसांत सावरतं. ही वही बॅगेतून रियाधला येते. 7 जूनच्या आसपास मृग लागतो, मालक वही उघडतात, कात्री काढतात. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, हवा पापडासारखी कोरडी. रियाधचा अख्ख्या वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरात जुलैतल्या एखाद्या बऱ्या दिवशी पडतो तेवढा. मृगाला मुळं कापलेलं झाड आर्द्रा बघत नाही.

एक-दोन झाडं अशी गेली, की नवं पंचांग तयार होतं. फेब्रुवारीअखेर ते मार्च कुंडी बदलायची. मे ते सप्टेंबर काहीही कलाकुसर करायची नाही, फक्त जगवायचं. ऑक्टोबरात छाटणी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एकेरी आकड्यात उतरला की उष्ण प्रदेशातलं झाड घरात, खिडकीशी. एसीच्या थेट झोताखाली मात्र नाही. नाहीतर बेंजामिना जातीचा फायकस रुसल्यासारखी सगळी पानं एका आठवड्यात गाळून बसतो.

उन्हाळ्यातली खरी लढाई कुंडीशी असते. बोन्सायची कुंडी उथळ, माती ओंजळभर. काळी प्लॅस्टिकची असेल तर दुपारी बाराला हाताला चटका बसतो, मग मुळांचं काय होत असेल ते कळतंच. जुनी मंडळी ही कुंडी एका मोठ्या परातीत ओल्या वाळूवर बसवतात, कडेनंही वाळू भरतात, आणि वर हिरवी जाळी ताणतात. वाळूतलं पाणी उडत राहतं, कुंडी गार राहते, माठाचीच युक्ती. पाणी सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी, तेही रात्रीच बादलीत भरून न्हाणीघरात निवत ठेवलेलं.

या पाण्याचाही इतिहास आहे. रियाधला मिळणारं बरंचसं पाणी आखाताच्या किनाऱ्यावर, जुबैलजवळ समुद्रातून गोडं करून घेतात आणि चारेकशे किलोमीटर पाइपातून, सहाशे मीटर उंचीवर चढवून आणतात. एवढा प्रवास करून आलेलं पाणी तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ पिंपळाला घालतो. तरी कुंडीच्या काठावर क्षारांची पांढरी रांगोळी उमटतेच, आणि मग दर काही दिवसांनी कुंडी धो-धो धुवून काढावी लागते. या बाबतीत जेद्दा-दम्मामवाले नशीबवान. तिथली हवा दमट, त्यामुळे एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली बघता बघता भरते, आणि हे पाणी जवळपास क्षारमुक्त. रियाधचा एसी मात्र ऐन उन्हाळ्यात कंजूस होतो. हवेतच ओल नाही, तर तो गाळणार काय?

मातीचं त्या मानानं बरं आहे. जपानी लोक अकादामा नावाची भाजल्यासारखी दाणेदार माती वापरतात, पुण्याचे लोक विटांचे तुकडे. सौदीच्या पश्चिमेला हर्रा म्हणतात अशी लाव्ह्याची काळी पठारं मैलोन्‌मैल पसरलेली आहेत. मदिनेजवळच्या हर्रत रहातमध्ये 1256 साली उद्रेक झाल्याची नोंद आहे. तिथला सच्छिद्र, हलका दगड चुरून कुंडीत घातला की पाणी धरतोही आणि सोडतोही. सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा हा दूरचा भाऊबंदच, दोघंही बेसाल्ट घराण्यातले. सातारच्या माणसाला तो हातात घेतला की उगाच बरं वाटतं. वरून लाल वाळू पसरली की देखावा पूर्ण होतो, आणि रात्रीतून गल्लीतली मांजर येऊन तिचा आपल्या सोयीनं उपयोग करून जाते. रियाध-जेद्दाच्या मांजरींना बोन्सायची पारख उत्तम आहे; साध्या कुंडीकडे त्या ढुंकून बघत नाहीत.

झाड आणायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. भारतातून नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण झाड रोगकिडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि ज्या विमानतळावर अनारशांच्या खसखशीपायी माणूस अडकू शकतो, तिथे ओल्या रुमालात गुंडाळलेली वडाची फांदी घेऊन उभं राहण्याचं धैर्य कोणी करू नये. त्यापेक्षा ‘मश्तल’ गाठावं. मश्तल म्हणजे रोपवाटिका. मालक सौदी, माळी बांगलादेशी नाहीतर पाकिस्तानी, व्यवहार हिंदी-उर्दूत. तिथे चीनहून आलेले ‘जिनसेंग’ फायकस मिळतात, फुगीर मुळांवर बसलेले, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखे. बोन्सायवाले यांना नाकं मुरडतात. त्यांचा डोळा असतो रस्त्याकडेच्या फायकसच्या कुंपणांवर. नगरपालिकेची छाटणी झाली की मनगटाएवढ्या फांद्या फुकट पडलेल्या असतात, आणि फायकसची अशी जाड फांदीसुद्धा ओल्या वाळूत मुळं धरते.

तसाच कोनोकार्पस. आखातात हे झाड वारेमाप लावलं गेलं आणि मग त्याच्या मुळ्या पाइपांत शिरतात म्हणून ओरड सुरू झाली. गुजरात सरकारनं तर 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. पण त्याचा फ्लोरिडाकडचा भाऊ, बटनवुड, हा तिथल्या बोन्सायवाल्यांचा जीव की प्राण. बाहेर बदनाम असलेलं हे झाड कुंडीत मात्र अगदी गुणी बाळ होऊन राहतं.

आणि पिंपळ? पिंपळाचा प्रश्न वेगळा. तो घरात लावू नये, त्यावर मुंजा राहतो, हे सासूबाई फोनवर सांगतात. मुद्दा गंभीर आहे. वीतभर पिंपळावर मुंजा राहिलाच, तर तो किती उंचीचा असेल? त्याचा प्रायोजक कोण? इकामा कोणाच्या नावावर? सौदीत इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नसला तर राहायला आलेल्या जित्याजागत्या माणसाचाही निभाव लागत नाही, तिथे अविवाहित, बेरोजगार आणि मृत इसमाला कोण उभं करणार? सासूबाईंना हे पटत नाही. बोन्सायनं घरातल्यांचीच वाढ खुंटते, असं त्यांचं आणखी एक म्हणणं आहे. सहा फुटी नातू व्हिडिओ कॉलवर दाखवला की त्या विषय बदलतात.

पण याच सासूबाईंना वटपौर्णिमेला कुंडीतल्या वडाची बातमी आवडते. सण दाराआड, एसीत. वड चहाच्या टेबलावर, टेबल भिंतीला टेकलेलं. सात फेरे मारायचे कसे? एका घरी यावर निघालेला तोडगा असा: बोन्सायची तार बांधताना झाड फिरवायला गोल फिरता पाट असतो, त्यावर वड ठेवला, दोऱ्याचं टोक गृहिणीनं धरलं आणि यजमानांनी पाट सात वेळा फिरवला. प्रदक्षिणा झाडानं घातली. पुण्य कोणाच्या खात्यात जमा झालं, यावर त्या घरात अजून एकमत नाही.

एवढ्या सगळ्या खटाटोपात गंमत ही, की सौदीत बोन्साय करायला सर्वांत लायक झाड सौदीतच उगवतं आणि मराठी माणूस ते पुण्याहून आणायला बघतो. अडेनियम. बुडाशी फुगलेलं, गुलाबी फुलांचं, पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांतून दिसणारं. आपल्याकडे त्याच्या रंगीबेरंगी संकरित जाती बहुतांशी थायलंडच्या कृपेनं पोचल्या. पण त्याचं माहेर आफ्रिका आणि अरबस्तान. सौदीतल्याच जाझान आणि असीरच्या खडकाळ उतारांवर ते रानात उभं असतं, कोणी तार न बांधता वाकडं-तिकडं झालेलं.

त्याची शास्त्रीय नोंद प्रथम केली स्वीडिश पेर फोर्सकॉलनं. डेन्मार्कच्या राजानं 1761 मध्ये अरबस्तानात एक मोहीम धाडली, तिच्यात तो वनस्पतींचा माणूस. 1762 च्या अखेरीस मंडळी जेद्दात उतरली, मग येमेनला गेली, आणि 1763 मध्ये फोर्सकॉल तिथेच हिवतापानं वारला. त्याचे कागद सांभाळले कार्स्टन नीबूर या सहकाऱ्यानं आणि 1775 मध्ये ते छापून काढले. हा नीबूर मोहिमेतला एकटा जिवंत परतलेला, आणि तोही मुंबईमार्गे. मुंबईत वर्षाहून अधिक काळ राहिला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली. म्हणजे अडेनियमची नोंद आणि घारापुरीचे आराखडे एकाच माणसानं युरोपला पोचवले. अडेनियम नेताना विमानतळावर पकडलं गेल्यास ही माहिती अधिकाऱ्याला सांगून काही उपयोग होत नाही.

अडेनियमची निगा म्हणजे हयगय. फुगलेल्या बुडात ते पाणी साठवतं. ऊन हवं, निचरा हवा, आणि हिवाळ्यात पानं गळाली की जवळपास कोरडं ठेवायचं. दर वेळी कुंडी बदलताना थोडं वर उचलून लावलं की जाड मुळं उघडी पडतात आणि तीन वर्षांचं पोर तीस वर्षांचं दिसू लागतं. शेंगा जोडीनं येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. त्या पिकायच्या आत सुतळीनं बांधायच्या. नाहीतर एका दुपारी शेंग उकलते आणि दोन्ही टोकांना रेशमी झुबके असलेलं बी शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतं.

हे सगळं सुरळीत चालतं ते इंडियन स्कूलला सुट्टी लागेपर्यंत. जुलै-ऑगस्टात कुटुंब मायदेशी जातं, आणि झाडं हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या राखणदाराच्या, हवाली होतात. एका हारिसनं आपल्या बुद्धीनं विचार केला. वडाची पानं मालकांनी मुद्दाम काढली होती, नवी लहान यावीत म्हणून. त्याला वाटलं, हा मेला, मेलेल्याला पाणी कशाला? आणि अडेनियमचं पोट बघून त्याला वाटलं, याचीच भूक मोठी. सप्टेंबरात मालक परतले तेव्हा वड काडी झाला होता आणि अडेनियम बोटानं दाबलं तर आत जात होतं. आता त्या घरात कुंड्यांना फिती बांधतात, हिरवी म्हणजे पाणी, लाल म्हणजे हात लावू नये. हारिस लाल फितीच्या कुंड्यांना येता-जाता सलाम करतो.

सौदीनं 2021 मध्ये हजार कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला. त्यात कुंडीतली धरतात का, अशी चौकशी एका शुक्रवारी, कोथिंबीर वडीच्या साक्षीनं, मंडळींत झाली. धरू नयेत असंच मत पडलं, कारण ही झाडं कोणाच्या नावावर टिकत नाहीत. नोकरी संपते, ‘फायनल एक्झिट’चा शिक्का बसतो आणि व्हॉट्सॲपवर यादी येते: फ्रिज, सोफा, पाण्याचा कूलर, एक वड. फ्रिजला घासाघीस होते, वड फुकट जातो.

असा एक वड रियाधमध्ये चौथ्या मालकाकडे आहे. पहिले नाशिकचे, त्यांनी तो दरीत झेपावणारा करायला घेतला. दुसरे कोळिकोडचे, त्यांनी वर वळवला. तिसऱ्या बाई हैदराबादच्या, त्यांनी पारंब्या सोडवल्या आणि बाकी त्याला त्याच्या मर्जीवर सोडलं. सध्याचे मालक कोल्हापूरचे. त्यांना तो सरळ, तालमीतल्या गड्यासारखा हवाय. तीन मिलिमीटरची तार आणून ठेवलीये, मार्चची वाट बघतायत.